बॅगांपाशी बसणारी

आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि त्यातल्या प्रत्येक सहलीत माझी बायको मधुवंती बॅगांपाशी बसली. प्रतापगडाच्या पायथ्याशी बसली, क्वालालंपूरजवळच्या बाटू केव्ह्जच्या दोनशे बहात्तर पायऱ्यांखाली बसली, बोरोबुदूरला तर भर उन्हात छत्री उघडून बसली. तिचा उजवा गुडघा ऐन तिशीतच कुरकुरायला लागला होता. "तुम्ही या जाऊन, मी बसते इथे," असं ती म्हणायची आणि आम्ही खरंच जाऊन यायचो. खाली आल्यावर माझं वाक्य ठरलेलं असे. "काही विशेष नव्हतं गं. तुझं काही हुकलं नाही." हे आपण प्रेमाने म्हणतो, असा माझा समज होता.

मधुवंती मूळची सांगलीची. शहाण्णव साली आम्ही सिंगापूरला आलो, तेव्हापासून बिशानमध्येच आहोत, अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. ती चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या बॅक ऑफिसला होती. रोज तासभर जायला, तासभर यायला, एमआरटी मेट्रोत उभ्याने. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी कुणीतरी तिला एका शिपिंग कंपनीचं कॅलेंडर दिलं. त्यातलं मार्चचं पान तिने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. पांढरीशुभ्र घरं, वर खडकावर किल्ला, खाली निळी खाडी. चित्राखाली लिहिलं होतं, लिंडोस, ऱ्होड्स बेट, ग्रीस. मी ते चित्र पंचवीसेक वर्षं रोज शर्ट काढताना पाहिलं आणि एकदाही काही विचारलं नाही.

गेल्या वर्षी तिचा गुडघा बदलला. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी जेवताना तिने जाहीर केलं, "मला ऱ्होड्सला जायचंय. बारा दिवस. एकच बेट. आणि त्या किल्ल्यावर मी चढणार आहे."

मी म्हणालो, "बारा दिवसांत लोक सात देश करतात."

"करू देत. मला एकच करायचंय, पण वरपर्यंत."

"तीनशे पायऱ्या आहेत म्हणे. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? मी जाऊन फोटो काढून आणतो."

आमची मुलगी अनुया त्या दिवशी जेवायला आली होती. तिने काट्याने भेंडी टोचत सिंगापुरी इंग्रजीत निकाल दिला. "आई कॅन लाह. बाबा, यू आह, आय डोन्ट नो." मला ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी लिफ्टने वर येणं सोडलं. सुरुवातीला दोन मजले, मग चार, मग पाच. खाली मात्र लिफ्टनेच जायचं, कारण नव्या गुडघ्याला उतरणं जड. शेजारच्या चिनी आजी रोज काळजीने विचारायच्या, "लिफ्ट स्पॉइल आह?" मधुवंती हसून "नो, नो, प्रॅक्टिस" म्हणायची आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवायची. फिजिओथेरपिस्टने तिला शिकवलं होतं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. ते ती पुटपुटत चढायची. पाच महिन्यांत ती अकरा मजले चढू लागली. मी या काळात सोफ्यावर बसून तिला मार्गदर्शन करत होतो.

मे महिन्यात आम्ही ऱ्होड्सला पोचलो. जुन्या शहराभोवती जाडजूड तट, आत गोट्यांनी फरसबंद केलेल्या गल्ल्या. त्या गोट्यांवर माझेच पाय वाकडे पडत होते, ती काठी टेकत नीट चालली होती. एका चौकात झाडाखाली टेबल रिकामं दिसलं. तिने पर्समधून टिश्यूचं पाकीट काढून त्यावर ठेवलं आणि कॉफी आणायला आम्ही दोघंही आत गेलो. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, टेबलावर टिश्यूचं पाकीट म्हणजे जागा धरली. कुणाची हिंमत नाही त्याला हात लावायची. कॉफी घेऊन बाहेर आलो तर टेबलावर एक जर्मन जोडपं आणि पाकीट कचऱ्याच्या डब्यात!

"एक्स्क्यूज मी, वी चोप्ड धिस टेबल," मधुवंती ठणकावून म्हणाली. सिंगापुरात जागा धरण्याला 'चोप' म्हणतात, त्या बिचाऱ्यांना काही कळलं नाही. मी मात्र इतका हसलो की कॉफी सांडली. "मधू, हे काय बिशान आहे? इथे कोण मानतंय तुझं पाकीट!" पुढचे चार दिवस मी ती गोष्ट भेटेल त्या भारतीय माणसाला सांगितली.

डोंगरातल्या गावांत बसने फिरलो. एका गावात एका म्हातारीने आम्हाला अंगणात बसवून दह्यावर मध घालून दिला. मधुवंतीने तिला आपला गुडघा दाखवला, म्हातारीने तिला आपला. भाषेवाचून दोघींचं अर्धा तास छान चाललं.

सहाव्या दिवशी लिंडोस. मी गावातूनच तरातरा पुढे निघालो, कारण मीही काही कमी नाही हे मला तिला दाखवायचं होतं. ऊन कडक होतं आणि पाणी तिच्या बॅगेत. तिकिटाचं दार ओलांडून आत गेलो. तिथे खडकात एक जुनं जहाज कोरलेलं आहे आणि त्याच्याशेजारून उभा जिना वर जातो. तो जिना पाहून मी थांबलोच. श्वास लागला. मी सावलीत दगडावर बसकण मारली. सावकाश पावलं टाकत ती मागून आली, मला पाणी पाजलं, मनगट धरून नाडी पाहिली.

जरा बरं वाटल्यावर मी म्हणालो, "चल, आता उतरू या. इथवर आलो, पुष्कळ झालं."

तिने वर पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही," ती म्हणाली. "तुम्ही बसा इथे. बॅगा ठेवते. मी येते जाऊन."

आणि ती गेली. चांगला पाय आधी, मग दुसरा. वळणावर दिसेनाशी झाली.

पाऊण तास मी दोन बॅगा मांडीशी धरून बसलो होतो. बॅगांपाशी बसणं काय असतं ते मला सहासष्टाव्या वर्षी कळलं. उठता येत नाही, साधं बाथरूमला जाता येत नाही. लोकांचे बूट बघायचे. वरून कुणी उतरलं की वर काय आहे ते त्याच्या चेहऱ्यावर शोधायचं. सगळे एकमेकांना काहीतरी सांगत उतरत होते आणि मला कुणी काही सांगत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली.

ती उतरली ती भिंतीला धरून, एकेक पायरी, घामाने न्हालेली. मी विचारलं, "काय आहे गं वर?" आता ती माझंच वाक्य मला परत करणार, अशी माझी खात्री होती. ते मी कमावलंही होतं.

"फार सुंदर आहे हो," ती म्हणाली. "खांब आहेत, दोन्ही बाजूंना समुद्र आहे, आणि खाली ती खाडी, कपाटातली. इथून असेच परत गेलात तर तुमचं फार हुकेल. उठा."

"मधू, तू आत्ता तर उतरलीस. परत चढणार?"

"अकरा मजले कशाला केले मग? चला लवकर. कठड्यापाशी एका दगडावर तुमच्यासाठी जागा धरून आलेय. टिश्यूचं पाकीट ठेवलंय."

मी दोन्ही बॅगा खांद्याला लावल्या आणि तिच्या मागून निघालो. दर दहा पायऱ्यांवर ती माझ्यासाठी थांबत होती. आम्ही वर पोचलो तेव्हा वारा सुटला होता आणि माणसंही बरीच होती. पाकीट तिथेच होतं, वर छोटासा दगड ठेवलेलं.