दयारामचे दोन न

पडदा वर जातो. म्हणजे पडदा कसला, बोळिंजच्या तरुण मंडळाने दोन बांबूंना बांधलेली मांडववाल्याची चादर. ती अर्ध्यावर अडकते, कुणीतरी खालून काठी मारतं आणि स्टेज दिसतं. मधोमध माईक. मागे हिलरी मास्तरांचा ऑर्केस्ट्रा. आणि त्याच्याही मागे, ड्रमच्या आडोशाला, खुळखुळा हातात घेतलेला दयाराम.

साल ब्याऐंशी. रेडिओवर दहा-बारा वर्षांपूर्वी गाजलेलं एक गाणं तोवर साऱ्या वसई तालुक्याने आपलंच करून टाकलं होतं. ‘ये मनात, राहा मनात, नको डोळ्यांत पाणी.’ थॉमसचा बँड ते वरातीत असा पळवायचा की नवरदेवाची घोडी बिचकायची. भालचंद्र बुवांनी त्यात विठोबा घालून अभंग केला होता. चर्चच्या हॉलमध्ये लग्नाला हिलरी मास्तर तेच अकॉर्डियनवर संथ वाजवत आणि जोडपी हळूहळू गिरक्या घेत. प्रत्येकाची चाल निराळी, आणि प्रत्येकाला वाटायचं, खरी आपलीच.

दयारामचंही हेच गाणं होतं, पण त्याची ख्याती चालीमुळे नव्हती.

दयाराम मिठागरात वजन करायला उभा असायचा. वजनं किलोवर येऊन जमाना झाला, तरी मिठागरात सगळ्यांच्या तोंडी अजून मणच. घरच्या बोलीत ‘ण’ नाही; पाण्याला पानी, गाण्याला गानं. पण स्टेजवर जायचं म्हणजे शुद्ध बोललं पाहिजे, या धाकाने दयाराम दिसेल त्या न चा ण करून टाकायचा. पहिल्यांदा माईक हाती आला तेव्हा त्याने डोळे मिटून, गळा लावून सुरुवात केली होती, “ये मणात, राहा मणात...”

“किती मणात रं?” मागून कुणीतरी ओरडलं होतं.

“काटा आना, काटा!”

त्या दिवसापासून दहा वर्षं दयाराम ड्रमच्या मागे. खुळखुळ्यात न नाही आणि ण पण नाही, असं तो स्वतःच हसत सांगायचा.

आता मास्तरांचा गायक आखातात नोकरीला गेला होता. मास्तर म्हणाले होते, “दयारामभाऊ, गळा तुमच्यासारखा माझ्याकडे कुणाचा नाही. बोळिंजच्या स्पर्धेत हेच गाणं नऊ जण गाणार आहेत, तुम्ही नववे. नीट गायलात तर जागा तुमची. एक अक्षर सांभाळा, बस.”

पंधरा दिवस दयाराम मिठाच्या राशीपुढे उभा राहून ते एक अक्षर सांभाळत होता. रोज हरत होता.

“कशाला जीवाला तरास?” बायको विमला शेवटी वैतागली. “घरात बोलता तसं गा की. मन म्हनताना तुमाला कंदी चुकलेलं मी नाय बघितलं.”

हे दयारामला आजवर सुचलं नव्हतं. बायको शाळेत गेली नव्हती, म्हणून तिचं बरोबर असेल अशी शंकाही त्याला आली नव्हती.

त्या संध्याकाळी आठ जण गाऊन गेले. दयाराम पुढे आला तशी मांडवभर खसखस पिकली. लोक त्याच्यासाठीच थांबले होते. त्याने घरच्यासारखा श्वास घेतला.

“ये मनात, राहा मनात...”

मांडव चिडीचूप. स्वच्छ, गोल, भरलेला न. अकॉर्डियनवरची मास्तरांची बोटं क्षणभर थांबली. दयारामच्या छातीत दहा वर्षांचं काहीतरी सुटलं आणि तो मोकळा होऊन पुढच्या ओळीत शिरला.

“...नको डोळ्यांत पानी!”

जो हशा उसळला, तो म्हणे चंदनसारपर्यंत ऐकू गेला. हे अंतर दयारामचंच; तो सांगताना दर वेळी थोडं वाढवायचा. त्याने ओळ पुन्हा घेतली. घाबरून पाण्याचा ण सांभाळायला गेला तर मन पुन्हा मणावर आलं. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा कुठलं अक्षर कुठे गेलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

त्याने हाताने वाद्यं थांबवली. घाम पुसला.

“गाववाल्यानो,” तो माईकवर म्हणाला, “आमच्या घरात येकच न होता. दुसरा शालंत भेटला. तो कुठं ठेवाचा, ते गुरुजीनी सांगलंच नाय.”

या वेळचं हसणं वेगळं होतं. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि गाणं त्याच्याकडून पुरं करून घेतलं, अर्धं मनात, अर्धं मणात. विमला बायकांत बसून पदर तोंडाला लावून हसत होती. रडत असेल तरी दयारामने ते हसण्यातच धरलं.

कार्यक्रम आटोपल्यावर मास्तर जवळ आले. अकॉर्डियनचा पट्टा सोडता सोडता, नजर चुकवत म्हणाले, “गायकाची जागा नाही देता येणार, भाऊ. पण दोन गाण्यांच्या मधे एक गाणं तुमचं. लोकांना हसवायला. रविवारी मनवेलपाड्याला लग्न आहे. याल?”

दयारामने खुळखुळा पिशवीत टाकला. गाठ मारायला त्याला जरा वेळ लागला.

“येतो, मास्तर. पन येक गानं असं बघा, ज्यात हा न नसंल, आनि तो दुसरा बी नसंल.”