पहिल्या पायरीवरचे मन्मथअप्पा

कुस्त्या सुरू होण्याआधी मन्मथअप्पा कोरे पहिल्या पायरीवरून उठत, धोतराचा काष्टा आवळत, आखाड्यात उतरत आणि मधोमध उकिडवे बसून मनगटाच्या वरपर्यंत हात मातीत घालत. खालची मूठभर माती वर काढून दाबत आणि मूठ उघडत. गोळा तसाच राहिला आणि अंगठा लावताच त्याचा भुगा झाला, तर काही न बोलता परत जाऊन बसत. मग हलगी वाजे. गोळा धरला नाही किंवा अंगठ्याने फुटला नाही, तर सगळं मैदान थांबे. एकदा पहिली जोडी लंगोट लावून उभी असताना त्यांनी पुन्हा कुदळी मारायला लावल्या आणि लोकांना दोन तास बसवून ठेवलं. कुणीतरी वरून ओरडलं तेव्हा मान न वळवता म्हणाले, "घाई आसंल त्यानं घरी जावं. पाठ त्या पोराची टेकनार हाय, तुझी न्हाई."

हे लातूरच्या जुन्या मैदानाचं सांगतो आहे. गंजाच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागे, दगडी सात पायऱ्यांचं मैदान आणि मध्ये लाल मातीचा आखाडा. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत दर रविवारी कुस्त्या होत. या सबंध हंगामाचा एक पास मिळे, निळ्या पुठ्ठ्याचा. पास म्हणजे नुसता प्रवेश नव्हे, जागा. दगडावर ऑइलपेंटने पासवाल्याचं नाव लिहिलेलं असे आणि तो गेला की त्याचा मुलगा किंवा भाचा त्याच दगडावर बसे. पहिल्या पायरीच्या मधल्या जागेला आणखी एक काम जोडलेलं होतं, ते म्हणजे माती बघणं. कुठल्याही नियमात हे लिहिलेलं नव्हतं. अप्पांच्या आधी त्यांचे मामा तिथे बसत, तेही बघत. अप्पा त्याला दस्तूर म्हणत.

अप्पा मूळचे चाकूरकडचे, गंजात मापाडी होते. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात बाराबंदी आणि डोळ्यांत कायम भांडणाची तयारी. माणूस प्रेमळ होता असं मी लिहिणार नाही, कारण तो नव्हता. धान्य तोलताना आडत्याचा पाय काट्याला लागला, तर भर बाजारात म्हणत, "शेट, पाय घ्या बाजूला. तुमचं वजन कुनी इकत घेऊन नाही राहिलं." शेजारी बसणाऱ्या एका वकिलांना डाव समजावून सांगायची सवय होती. अप्पा त्यांना म्हणाले, "वकीलसाहेब, कोर्टात बोला. हितं बघा." वकील पुढे कित्येक रविवार तोंड मिटून बसले.

मी शाळेत शिक्षक. अक्षर चांगलं म्हणून मैदान समितीने मला सेक्रेटरी केलं. पास लिहिणं, नावं रंगवून घेणं आणि सभेचं इतिवृत्त लिहिणं ही माझी कामं. कुस्ती मी कधी खेळलो नाही. एका रविवारी अप्पांना यायला उशीर झाला, तेव्हा मला वाटलं, सेक्रेटरी म्हणून आज माती आपण बघावी. मी हात घातला तेवढ्यात अप्पा आले. त्यांनी माझं मनगट धरलं, तळवा उलटा करून पायऱ्यांकडे दाखवला आणि म्हणाले, "गुरुजी, हा खडूचा हात हाय. वहीत ठेवा." सगळं मैदान हसलं. माझे विद्यार्थीही हसले. ते हसू मी किती वर्षं जपून ठेवलं, हे पुढे कळेल.

लातूर जिल्हा झाला. नवी कार्यालयं आली, नवे साहेब लोक आले. गाव एकाएकी मोठं झाल्यासारखं वागू लागलं. जुन्या मैदानाच्या जागी दुकानांचे गाळे निघणार आणि कुस्त्या औसा रोडवरच्या नव्या स्टेडियममध्ये होणार, असं ठरलं. पासवाल्यांची सभा झाली. "जुन्या मैदानात जी जागा, तीच जागा नव्या ठिकाणी. शेजारीसुद्धा बदलणार नाही." हे वाक्य मी स्वतः उभा राहून वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी वाजवल्या नाहीत. "लिहून द्या," म्हणाले. मी म्हणालो, "इतिवृत्तात येईलच." ते आलं नाही. मी लिहिलंच नाही.

पुढचे तीन महिने पासवाल्यांचे हाल झाले आणि ते करणारा मुख्यतः मी होतो. जुना पास जमा करायचा, त्या बदल्यात पेन्सिलने नंबर घातलेली चिठ्ठी घ्यायची आणि नवा पास नंतर न्यायचा, अशी पद्धत मी काढली. लोक खेड्यांतून यायचे, तर कचेरीला कुलूप. कचेरी उघडी, तर यादी तयार नाही. यादी लागली, तर बाप एका टोकाला आणि लेक दुसऱ्या टोकाला. स्टेडियम गावापासून लांब होतं. औशाच्या बसला हात करायचा आणि कंडक्टरच्या मनात आलं तर ती थांबायची. सिमेंटच्या पायऱ्या उन्हाने तापायच्या. आखाडा आणि बैठक यांच्यामध्ये धावपट्टी आली, त्यामुळे पहिली ओळसुद्धा जुन्या सातव्या पायरीपेक्षा दूर. अप्पा बघून आले आणि म्हणाले, "हितून पैलवान न्हाई, मुंगळे दिसून राहिले." पासवाल्यांनी सह्या आणि अंगठे घेऊन अर्ज दिला. मी तो टेबलाच्या खणात ठेवला आणि वर पाठवला आहे असं सांगितलं.

समितीचा मला आदेश एवढाच होता की पहिली ओळ पाहुण्यांना द्या, बाकीच्यांना सांभाळून घ्या. पहिल्या पायरीचे इतर सगळे पासवाले मी दुसऱ्या ओळीत बसवले. अप्पांना एकट्याला मी समोरच्या बाजूला, सगळ्यात वर, छताच्या खांबामागे टाकलं. दुसऱ्या ओळीत एक जागा रिकामी होती. ती मी आमच्या संस्थाचालकांच्या मेहुण्याला दिली. त्यांनी मागितलीही नव्हती.

यादी लागली त्या दिवशी अप्पा टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"गुरुजी, माझं नाव कुठं हाय?"

"समोरच्या भागात. वरची ओळ."

"खांबामागं?"

"खांब मी उभा केलेला नाही, अप्पा."

"आन् माती कोन बघनार?"

"आता इंजिनियर आहेत."

"इंजिनियरची पाठ टेकनार हाय का?" रांगेतले लोक हसले. मी हसलो नाही. मग ते जरा खाली वाकून, आवाज उतरवून बोलले. एवढ्या वर्षांत त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "हे बघा, मला खुर्ची नको. खाली उभं राहू द्या. खानीतली नवी माती टाकली तुम्ही. जुनी आनू म्हनलो, गाड्या आमच्या लावू म्हनलो, तर न्हाई म्हनले. ह्या मातीला लई पानी लागतंय. आन् गावाला प्यायला न्हाई. तर मंग कुस्त्या पुढं ढकला. पाऊस पडू द्या."

"पाहुण्यांना निमंत्रणं गेलीत."

"मंग माझा जुना पास परत द्या."

"जमा झाला, रद्द झाला. इथे नंबर चालतो, अप्पा. हे जुनं मैदान नाही."

ते सरळ झाले. "बरं, सेक्रेटरीसाहेब," म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला कधी गुरुजी म्हटलं नाही.

त्यांचं पाण्याबद्दलचं म्हणणं खरं होतं. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती आणि गावात आठवड्याने नळ यायचा. कशीबशी खटपट करून आखाड्यासाठी एक टँकर मिळाला. नांगरलेल्या मातीत तो सावकाश मुरवायचा आणि दोन दिवस माती वरखाली करायची, असं जुने लोक सांगत होते. पण उद्घाटनाच्या आदल्या दिवशी वारा सुटला आणि धावपट्टीवरून, रस्त्यावरून धुळीचे लोट येऊ लागले. पाहुण्यांच्या कपड्यांचं काय होणार, या चिंतेने मी टँकर तिकडे वळवला. उरलेलं पाणी आखाड्यावर शिंपडलं. वरून माती छान लाल, ओलसर दिसू लागली. मी वर उभा राहून बघितलं आणि मला ती पसंत पडली. हात घालून बघायचं माझ्या मनात आलं नाही. आलं असतं तरी मला काही कळलं नसतं.

उद्घाटनाला पहिली ओळ पाहुण्यांनी भरली. त्यातले अर्धे लोक पहिल्या लहान कुस्त्यांनंतर चहाला उठले. मुख्य कुस्तीची जोडी नुकतीच पुकारली होती, तेवढ्यात समोरच्या बाजूने अप्पा पायऱ्या उतरत आले. कठडा ओलांडून, धावपट्टीवरून, धोतर हातात धरून सरळ आखाड्याकडे. वय साठीच्या पुढे होतं. आखाड्याच्या कडेला गुडघे टेकून त्यांनी हात घातला. बोटांची दोन पेरं आत गेली आणि हात थांबला.

मी धावत गेलो. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सेक्रेटरी, कुस्ती थांबवा. वर दोन बोटं चिखल हाय आन् खाली फरशी. लहान पोरं पडत हुती तवा मला वरून आवाज आला. मातीत पडल्याचा आवाज असा नसतोय."

कुस्ती अजून सुरू व्हायची होती. जोडी हातात हात देऊन उभी होती. मी एक हात वर केला असता तर पुरे होतं. पण सगळं स्टेडियम बघत होतं, आणि मला ते जुनं हसू ऐकू आलं. मी स्वयंसेवकांना म्हणालो, "जागेसाठी तमाशा करतोय हा. बाहेर काढा." दोघांनी त्यांना काखेत हात घालून नेलं. फाटकापर्यंत ते एकच वाक्य बोलत होते, "हात घालून बघा. एकदा हात घालून बघा."

कुस्ती सुरू झाली. नायगावचा एक तरणा पैलवान होता, नांदेडकडचे लोक त्याच्यासाठी ट्रक करून आले होते. समोरच्याने त्याला उचलून टाकलं तेव्हा तो आवाज मीही ऐकला. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. त्याला त्याच ट्रकमध्ये घालून परत नेलं. तो पुन्हा कुठल्या आखाड्यात उतरला नाही.

त्या संध्याकाळी समितीच्या सभेत सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माती, टँकर, कंत्राटदार, कशाबद्दलच कुणाला बोलायचं नव्हतं. मी वही उघडली आणि चांगल्या अक्षरात लिहिलं: "श्री. मन्मथअप्पा कोरे या पासधारकाने जागेच्या रागातून चालू कुस्तीत आखाड्यात शिरून व्यत्यय आणला. त्यामुळे पैलवानाचे लक्ष विचलित होऊन दुर्दैवी अपघात घडला. सबब त्यांना मैदानात कायमची बंदी करण्यात येत आहे." 'चालू कुस्तीत' हे दोन शब्द लिहिताना माझा हात थांबला नाही.

गावाने ते खरं धरलं, कारण ते लिहिलेलं होतं. गंजात हमाल अप्पांना विचारू लागले, "काय अप्पा, आज कुनाचा खांदा?" नांदेडकडचे दोन व्यापारी आपला माल त्यांच्या काट्यावर चढवू देईनात. दुसऱ्या ओळीत बसलेल्या जुन्या पासवाल्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्यांना दुसरी ओळ मिळाली होती आणि ती टिकवायची होती. अप्पा वर्षभर प्रत्येकाशी भांडले. "कुस्ती लागायच्या आधी गेलो मी, आधी," असं ज्याला त्याला सांगत राहिले. मग गंज सोडून चाकूरजवळच्या आपल्या गावी गेले.

निवृत्त झाल्यावर मला झोप लागेना. समितीतले जुने लोक एकेक करून गेले होते. मी नव्या अध्यक्षांना सांगून अप्पांवरची बंदी उठवून घेतली, त्यांच्या नावे पहिल्या ओळीचा तहहयात पास करून घेतला आणि तो घेऊन त्यांच्या गावी गेलो. मला वाटलं होतं, एवढ्यात भागेल.

अप्पा ओसरीवर बाजेवर बसले होते. खूप वाळले होते. पास हातात घेऊन त्यांनी डोळ्यांजवळ धरला, उलटा करून बघितला आणि मला परत दिला.

"वहीत काय लिवलंय?"

"अप्पा, ते आता जुनं झालं. कोण वाचतंय?"

"मी वाचतोय," ते म्हणाले. "रोज वाचतोय. त्या पोराच्या आईला कुनीतरी सांगितलं आसंल, कोरे मापाड्यानं तुझ्या पोराचा खांदा मोडला. ती बाई मरस्तोवर माझं नाव घेनार. आन् तुम्ही मला बसायला जागा देऊन राहिले?"

मी म्हणालो, "माझी चूक झाली."

"हितं बोलून काय. जिथं लिवलंय तिथं लिवा." मग आत तोंड करून बायकोला म्हणाले, "अगं, सेक्रेटरीला पानी दे. उन्हाचा आलाय. बसा म्हनू नको."

त्या माउलीने तांब्या आणून दिला. मी अंगणात उभ्यानेच पाणी प्यालो आणि निघालो. तरीही वहीला हात लावायला मला आणखी चार वर्षं लागली. मुलं काय म्हणतील, शाळेतले लोक काय म्हणतील, अशी भीती होती. तोवर अप्पा गेल्याचं कळलं. नायगावचा पैलवान त्याआधीच गाव सोडून कुठेतरी कामाला गेला होता. त्याचा पत्ता मला मिळाला नाही. वही माझ्याकडेच आहे. त्या पानावर समासात मी जे लिहिलं आहे, ते इथे जसंच्या तसं उतरवतो.

"वरील नोंद खोटी आहे. पहिल्या पायरीचे पासधारक श्री. मन्मथअप्पा कोरे हे मुख्य कुस्ती सुरू होण्यापूर्वी आखाड्यापाशी आले. माती कडक आहे, कुस्ती थांबवावी, असे त्यांनी सेक्रेटरीस स्पष्ट सांगितले. सेक्रेटरीने माती न बघता त्यांना बाहेर काढले. आखाड्याचे पाणी सेक्रेटरीने रस्त्यावर टाकले होते. अपघात त्यामुळे झाला. ही नोंद श्री. कोरे यांच्या हयातीत केलेली नाही."