भांडखोर प्रवृत्तीचा इसम

“मॅडम, मले जेलात टाका. पन एकट्यानं सही मी करत नाही.”

गुलाबराव माझ्या टेबलासमोर उभे होते. साठी कधीच ओलांडलेली, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी. केसचे कागद सांभाळणाऱ्या माझ्या रीडरने त्यांच्या हातात पेन दिला होता. त्यांनी तो टेबलावर परत ठेवला आणि हात मागे बांधले.

मी तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याला नायब तहसीलदार होते. नायब तहसीलदार म्हटलं की लोकांना दाखले, रेशन आणि निवडणुका आठवतात. पण आम्ही कार्यकारी दंडाधिकारीही असतो, म्हणजे एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेट. कोर्टातला मॅजिस्ट्रेट घडलेल्या गुन्ह्याचा निकाल देतो. आमच्याकडे न घडलेला गुन्हा येतो. सणावाराच्या आधी पोलीस कळवतात की अमुक माणूस शांतता बिघडवण्याची शक्यता आहे. आम्ही त्याला नोटीस काढून बोलावतो आणि ‘वर्षभर नीट वागीन’ असा बाँड लिहून घेतो. याला चॅप्टर केस म्हणतात. नव्या कायद्यात कलमाचा आकडा बदलला, पण पोलीस अजून ‘एकशे सात’च म्हणतात.

गुलाबरावांचं आणि शेजारच्या शेताच्या शालिकरामांचं धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, जन्माचं भांडण. दरवर्षी पोळ्याआधी दोघांनाही नोटीस जायची. दोघं एकाच मोटरसायकलवर यायचे, कारण गाडी फक्त शालिकरामांकडे होती. सह्या करायचे, समोरच्या हॉटेलात आलूबोंडा खायचे आणि भांडत भांडत परत जायचे. नवख्या माणसाला वाटावं, सोयरीक जुळवून चाललेत.

त्या वर्षी पुण्याकडचे एक तरुण पीएसआय बदलून आले. हुशार आणि मेहनती. त्यांनी यादी साफ करायला घेतली आणि सत्तरीपुढचे सगळे वगळले. वय पाहिलं आधार कार्डावर. आता आमच्याकडे जुन्या माणसांचं अख्खं गाव शाळामास्तरांच्या कृपेने एक जूनला जन्मलेलं, आणि साल अंदाजपंचे. खरं तर वयाने लहान असलेले शालिकराम कागदावर सत्तरी पार करून बसले होते. थोरले गुलाबराव कागदावर तरुणच राहिले. नोटीस एकट्या गुलाबरावांना गेली.

“गुलाबराव, नुसता बाँड आहे,” मी म्हटलं. “दरवर्षी करता की सही.”

“दरवर्सी दोघं करतो. शांतता कोनासंग राखू? ज्याच्यासंग भांडतो त्याले तं तुमी बोलावलंच नाही.”

पीएसआय ताठ उभे होते. “मॅडम, बाँड देत नसतील तर चौकशी संपेपर्यंत आत ठेवावं लागेल. तसा रिपोर्ट मी दिलाच आहे.”

ते खरं होतं. बाँड नाकारणाऱ्याला आत पाठवायचा अधिकार मला होता. पण गुलाबरावांना बीपीची गोळी चालू होती. तोंडावर पोळा आलेला आणि घरी बैलजोडी. कुठलाही गुन्हा न केलेला म्हातारा निव्वळ हट्टापायी माझ्या सहीने जेलात जाणार होता. मला राग आला. कोणाचा, ते सांगता येत नव्हतं.

मी पीएसआयना बाहेर थांबायला सांगितलं. दार उघडलं तर चौकटीला टेकून शालिकराम उभे. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. गाडी त्यांचीच, म्हणून आले होते. मी दार लोटून घेतलं.

“आता खरं सांगा. काहून हट्ट करून राहिले?”

मी आपल्या बोलीत विचारल्यावर गुलाबराव जरा सैल झाले. आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, पोलिसाईनं त्याले बुढा म्हनून सोडलं. गावातले लोक पारावर त्याले चिडवून राहिले, शालिकभाऊ, आता तुमाले सरकारबी भेत नाही. दोन दिवस झाले, धड जेवला नाही थो. धुऱ्यावर आला, मी शिवी देल्ली, तं उलटून बोलला नाही. मले लगीत भेव वाटलं. आता मी एकट्यानं सही केली म्हंजे, हाव, हा बुढा संपला, असं मीबी लिहून देल्लं ना?”

मी उठून दार उघडलं. पीएसआयना आत बोलावलं.

“गुलाबराव कोणाशी भांडतील अशी तुम्हाला भीती आहे?”

“शालिकरामशी.”

“आणि शालिकरामांपासून धोका?”

“काही नाही मॅडम. वय झालंय त्यांचं.”

“मग धुऱ्यावर गुलाबराव एकटेच भांडणार का?”

पीएसआयने आपला रिपोर्ट पुन्हा उलटून पाहिला. धोका सिद्ध होत नसेल तर मॅजिस्ट्रेटने माणसाला सोडून द्यायचं, असंही कायद्यात आहे. मी रीडरला म्हटलं, घ्या लिहून. गुलाबरावांपासून शांततेला धोका नाही. केस बंद. माझ्या मते मी फार शहाणपणाचा निकाल दिला होता.

गुलाबरावांचा चेहरा पडला. “म्हंजे... माह्याबी नावावर काट मारली?”

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. शालिकराम आत आले ते थेट गुलाबरावांच्या अंगावर.

“बह्याड झाला का बे गुलब्या! तोंड नव्हतं काय तुले? माह्यं तं गेलंच होतं, तुह्यंबी घालवलं?”

“कालर सोड बे शाल्या!”

“नाही सोडत! काय करतं?”

टोपी उडाली. खुर्ची पडली. रीडर फाइल छातीशी धरून कपाटामागे गेला. पीएसआयने दोघांना धरलं, तर त्यांच्याच नेमप्लेटची पिन तुटली. मी बेल वाजवत राहिले, जशी काही बेल ऐकून ते थांबणार होते.

“साहेब,” मी शेवटी ओरडले, “तुमच्या डोळ्यांदेखत शांतता भंग झाली. द्या नवीन रिपोर्ट. दोघांचा!”

दोघं जागच्या जागी थांबले. शालिकरामांनी वाकून टोपी उचलली, झटकली आणि गुलाबरावांच्या हातात दिली.

पीएसआयने उभ्या उभ्या रिपोर्ट लिहिला. केसमधल्या माणसांना तो वाचून दाखवणं आलंच. “शालिकराम हा भांडखोर प्रवृत्तीचा इसम असून त्याच्यापासून सार्वजनिक शांततेस गंभीर धोका आहे.”

शालिकराम डोळे मिटून ऐकत होते. “साहेब, थे गंभीरवालं पुन्हा एक डाव वाचा ना.”

पीएसआयने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी पुन्हा वाचलं, आणि या खेपेला जरा मोठ्याने.

नवीन बाँड तयार झाले. आधी सही कोणी करायची यावरून पुन्हा जुंपणार होती, ती मी दोन पेन देऊन टाळली.

“हे किती दिवसाचं हाय?” शालिकरामांनी विचारलं.

“जास्तीत जास्त एक वर्ष.”

“मंग पुढच्या साली पुन्हा भांडा लागन.”

“लागन ना,” गुलाबराव सही करता करता म्हणाले. “मी काय मरून राहिलो का?”

ते गेल्यावर पीएसआय हळूच म्हणाले, “मॅडम, ठरवून केलं ना हे त्यांनी?” मी म्हटलं, “साहेब, ठरवून केलेलं भांडणही कायद्याला भांडणच.” ते हसले नाहीत. तुटलेली पिन शोधत होते.

त्यानंतर मी पुष्कळ चॅप्टर केसेस चालवल्या. माणसाला सोडण्याआधी त्याला सुटायचं आहे का, हे विचारायची सोय कायद्यात नाही. मी मात्र निवृत्त होईपर्यंत विचारत राहिले.