किसनमामांचा बर्फ

आमच्या कुरुंद्यात किसनमामांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "उद्या सांगतो." स्वतः करून बघितल्याशिवाय सांगायचं नाही, हा त्यांचा हट्ट. रस्त्यावर नवा गतिरोधक झाला तेव्हा हा माणूस दुपारभर त्यावरून सायकल नेत-आणत होता. संध्याकाळी चहाच्या हॉटेलात जाहीर केलं, "डाव्या अंगानं काढा, उजव्या अंगानं कमरंला लागते." शेळ्यांना पाजायचं जंताचं औषध किती कडू, हेही त्यांनी चाखून सांगितलेलं. शेळ्यांनी विचारलं नव्हतं, एवढंच.

मामा नात्यानं नव्हेत, शेजारी. माझी आई त्यांना राखी बांधायची. तीस वर्षं त्यांनी सायकलवर टपाल वाटलं. आमच्या काळ्या रानातला पावसाळी चिखल ज्यानं पाहिला नाही, त्याला याचं मोल कळायचं नाही. मडगार्डात माती गच्च बसते, चाक फिरेनासं होतं आणि सायकलवर माणूस बसायच्या ऐवजी माणसाच्या खांद्यावर सायकल बसते. त्या चिखलात आपण एकदाही पडलो नाही, असं मामा सांगायचे. मामी अशा वेळी चहा टाकायला आत जायच्या.

मी नर्स झाले आणि जर्मनीतल्या एका लहानशा गावात वृद्धाश्रमात लागले. पहिले सहा महिने कच्ची नोकरी. ड्यूटी सकाळी सहाला, पहिली बस साडेसहाला. म्हणजे सायकल आलीच. डिसेंबरात बर्फ पडला, भीतीनं मी सायकल हातात धरून चालत गेले आणि दोनदा उशिरा पोचले. आमच्या मोठ्या बाई गोड हसून म्हणाल्या, "तिसऱ्यांदा नको." तिथं माणूस गोड हसून बोललं की समजावं, आता काही खरं नाही. नोकरी गेली असती तर घरी कुठल्या तोंडानं जाणार होते? अख्ख्या गल्लीनं माझे पेढे खाल्ले होते.

मामांना व्हिडिओ कॉल लावून बर्फ दाखवला. त्या दिवशी मात्र ते 'उद्या' म्हणाले नाहीत. "अगं, हा तं पांढरा चिखल हाय! चाकातली हवा थोडी कमी कर. सीट खाली घे, पाय टेकले पायजेत. म्होरचा ब्रेक हायच न्हाई असं समज. अन् भेव वाटलं तं उतर. उतरायला लाज कसली? पडल्यावर बी उतरावंच लागते."

आणि काय सांगू, चालली की हो सायकल! ताज्या, भुसभुशीत बर्फात मी वेळेवर पोचू लागले. सोबतची एक नर्स म्हणाली, इथं लोक हिवाळ्यात खिळे बसवलेलं टायर लावतात, तूही लाव. मामांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "आमी जल्मभर टायरातले खिळे काढू काढू बेजार झालो, अन् ते लोक इकत घेऊन राहिले? येडे हायत का? काही लावू नको." मी लावलं नाही.

जानेवारीत बर्फ वितळला आणि पुन्हा गोठला. रस्त्याची काच झाली. वळणावर मी अशी आपटले की गुडघा सुजून टम्म. लंगडत गेले, दोन मिनिटं राखून पोचले आणि संध्याकाळी फोनवर ढसाढसा रडले. "मामा, हा चिखल नाही. चिखल धरून तरी ठेवतो, हा सोडूनच देतो." मामा म्हणाले, "उद्या सांगतो."

उद्या फोन आला नाही. परवाही नाही. मी भयंकर चिडले. म्हातारा खिळे नको म्हणून मोकळा झाला, इथं नोकरी माझी जाणार! तिसऱ्या दिवशी सरळ दुकानात गेले आणि खिळ्यांचं टायर बसवून घेतलं. सायकल रस्त्याला धरून चालली, प्रश्नच मिटला.

सहाव्या दिवशी मामांचा फोन. स्क्रीनभर नुसत्या नाकपुड्या आणि कपाळ. "ध्यान देऊन ऐक. वळणाच्या आधीच ब्रेक मारून घे. वळताना ब्रेक न्हाई, पायडल न्हाई. हँडल सरळ व्हईस्तर गुमान बसून राहा. हे बराबर हाय, मी खात्री केली." कुरुंद्यात बर्फाची कसली आलीय खात्री! मला हसू आलं. खिळ्यांचं मी बोलले नाही. उगाच त्यांचा हिरमोड कशाला?

नोकरी पक्की झाली. मे महिन्यात गावी आले, तेव्हा मामा बाहेर गेलेले. मामींना मी हसत हसत खिळ्यांची गंमत सांगितली. मामी हसल्या नाहीत.

"त्याईनं वारंगा फाट्यावरून बर्फाची लादी आनली, भुशात गुंडाळून," त्या म्हणाल्या. "अंगनातल्या फरशीवर फोडून पसरली अन् वर सायकल घातली. तीनदा पडले. चौथ्यांदा वळन जमलं. मंग म्हनले, एकदा जमलेलं खरं न्हाई, अजून एकदा पाहतो. तवा हात मोडला. पलस्तर दिसू नये म्हनून फोन तोंडाशी धरत व्हते."

"पण काहून, मामी?"

"त्याईनं खिळे नको म्हनलं अन् तू पडलीस न. त्या दिशी जेवले न्हाईत." मामींनी माझा हात धरला. "हात आता सरळ व्हत न्हाई. सायकल सुटली. पर खिळ्याचं त्याईला सांगू नको, माय. एवढं तं राहू दे त्याईला."

मला रडू आवरेना. तेवढ्यात मामा आले, पायी. डावा हात कोपरात वाकलेला. विचारलं तर म्हणाले, "कुत्रं आडवं आलं." चिखलाची फुशारकी सोडली तर जन्मभर खरं बोललेला माणूस, खोटं बोलायची सवयच नव्हती, नजर पार भिंतीवर. मग समोर बसले. "वळनावर मी सांगितलं तसंच केलं न? परत पडली न्हाईस न?"

"न्हाई मामा. एकदाबी न्हाई."

"बघ!" मामा मामींना म्हणाले. "म्हनलो व्हतो का न्हाई?"

"म्हनले व्हते," मामी म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. मी पोचले तोवर तेरावा होऊन गेला होता. भेटायला आलेल्या बायांना मामी सांगत होत्या, "त्याईनं इथून बर्फातलं वळन शिकवलं म्हनून हिची नोकरी टिकली. इचारा हिलाच." बाया माझ्याकडं बघू लागल्या.

"खरं हाय," मी म्हणाले. मामींनी डोळ्याला पदर लावला आणि मला जवळ बसवून घेतलं.