भिंतीकडे तोंड केलेलं चित्र

जेवून भाऊ कारखान्यातल्या बाकड्यावर लवंडला की त्याला वामकुक्षी म्हणतात. मागच्या खोलीत ताई खाटेवर लवंडली की म्हणतात, "पडून असते." झोप तीच, छप्परही तेच. फरक फक्त कोण झोपलं याचा.

ताई चित्रकार आहे. पन्नाशी उलटलेली, एकटी, बोलायला तिखट. वडिलांनी वाटणी केली तेव्हा पुढचा फर्निचर-पॉलिशचा कारखाना मुलाला दिला आणि मागची खोली मुलीला. खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे. ऊन आत येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. अशा खिडकीसाठी चित्रकार शहरभर वणवण करतात.

तिची कामाची पद्धत ठरलेली आहे. काही दिवस ती झपाटल्यासारखी रंगवते. मग कॅनव्हास उलटा फिरवून भिंतीला टेकवते आणि ब्रशला हात लावत नाही. खाटेवर पडते, छताकडे बघते, झोपते. तैलरंग वाळायला वेळ लागतो, हे एक कारण. दुसरं तिच्याच शब्दांत: "रोज बघितलं की डोळा चित्राला सामील होतो. विसरून मग बघितलं तर पहिल्या नजरेला चूक दिसते. दुसऱ्या नजरेला आपण ती माफ करून टाकतो."

भावाला हे कधी पटलं नाही. त्याच्याकडे सकाळी पॉलिशचा हात मारला की संध्याकाळी माल वाळतो.

"ताई, तुझं दुकान उघडतं कधी गं?" तो दारातून विचारायचा.

"तुझं बंद झालं की."

"वन्सं, तुम्ही स्वप्नात रंगवता का?" भावाची बायको पदर तोंडाला लावून हसायची.

"हो. तिथे मध्ये कुणी बोलत नाही."

इथवर थट्टा होती. यंदा कारखान्याचं काम वाढलं, तयार कपाटं ठेवायला जागा पुरेना, आणि भावाची नजर मागे वळली. "नुसतं झोपायला एवढी खोली कशाला? झोपायला घरात ये." ताईने नाही म्हणून सांगितलं. भावाने ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

तेव्हा खोलीत एक मोठं चित्र भिंतीकडे तोंड करून उभं होतं. इस्पितळाच्या बाकावर बसल्याबसल्या झोप लागलेले रुग्णांचे नातेवाईक. ते प्रदर्शनात जायचं होतं. त्यातल्या एका बाईचा हात ताईला खटकत होता. का, ते कळत नव्हतं, म्हणून चित्र फिरवून ठेवलेलं.

एका दुपारी ती दाताच्या डॉक्टरकडे गेली. परतली तेव्हा खोलीत सुतार टेप लावून भिंत मोजत होता आणि चित्र कारखान्यात पंख्याखाली आडवं पडलं होतं. त्यावर कपाटांना मारतात त्या लॅकरचा चकचकीत थर होता. भावाच्या मते ही मदत होती. चित्र पुरं झालेलंच असणार, नाहीतर ती निवांत झोपली कशी असती? वरून चकाकी दिली की संध्याकाळी प्रदर्शनात पोचवून टाकता येईल आणि खोली मोकळी.

खालचा रंग ओला होता. लॅकरने तो सुटून वर आला. दुधावरची साय आक्रसावी तसे सगळे चेहरे आक्रसले होते.

ताई ओरडली नाही. "ओल्या लाकडावर पॉलिश मारतोस तू?"

"ओलं कुठे होतं? वरून हात लावून बघितला मी."

"लाकूड घेताना वरून हात लावून घेतोस?"

कच्चं लाकूड आणणाऱ्यांना तो हेच सुनावतो. भाऊ उसळून म्हणाला, "अगं पण तू इतके दिवस नुसती झोपून होतीस! मला काय ठाऊक काम चालू आहे ते?"

"विचारायचं होतंस."

"झोपलेल्या माणसाला काय विचारायचं?"

यावर त्याचं त्यालाच हसू आलं. ते यायला नको होतं.

"अहो, हसताय काय!" बायकोने त्याला दटावलं. मग ताईला म्हणाली, "जाऊ द्या वन्सं, तुम्ही दुसरं काढाल. हातातली कला कुठे जातेय?"

चित्रकारांना हे वाक्य सगळीकडे ऐकावं लागतं. कारखान्यातलं कपाट जळालं तर दुसरं होईल असं भावाला कुणी म्हणत नाही. आधी निदान हळहळतात.

भाऊ ओशाळला होता, हेही खरं. त्याने सुताराला टेप गुंडाळायला सांगितली. "बरं, चुकलं माझं. खोली राहू दे तुझ्याकडेच. झालं?"

तेव्हा मात्र ताईचा आवाज चढला. "राहू दे म्हणणारा तू कोण? माझी खोली मलाच दान करतोस? चित्र घालवलंस त्याचं वेगळं बोलू. खोली तुझी नव्हतीच कधी. मी तिथे रंगवीन, झोपेन, नाहीतर माशा मारत बसेन!"

ताई सुताराकडे वळली. "आलाच आहात तर दाराला आतून कडी बसवा."

सुताराने भावाकडे पाहिलं.

"त्याच्याकडे काय बघता? दार माझं आहे."

कडी बसली. ताईने तो सगळा रंग पात्याने खरवडून काढला. प्रदर्शन तिच्या चित्राशिवाय पार पडलं. भावाची बायको आल्यागेल्याला सांगते, "वन्सं हल्ली माणूसघाण्या झाल्यात, कडी लावून बसतात." चित्राचं काय झालं, ते मात्र सांगत नाही.