रशीदभाईंची सहावी डबी

रशीदभाई गेल्याची बातमी नांदेडात मीच आणली. दारात उभं राहून भाभींना म्हणालो, "गोळ्या घरीच विसरले हो..." गेले तीन आठवडे भेटायला येणारा प्रत्येक जण तेच बोलतो आणि मी मान हलवतो.

त्यांच्या फोटो स्टुडिओत मी बारा वर्षं काम केलं. लातूर नवा जिल्हा झाला, तिकडच्या दुष्काळी कामांचे फोटो काढायला आम्हाला बोलावणी येऊ लागली आणि जुनी कातडी पेटी जड वाटायला लागली. रशीदभाईंनी बाजारातली एकेक बॅग मांडीवर ठेवून बघितली. दुकानदार वैतागला, "भाई, बॅग घेताय का सून बघताय?" "यष्टीत मांडीवर मावंना ती बॅग न्हाई, बोजा हाय," म्हणत त्यांनी छोटी खाकी बॅग निवडली. भाभींनी जुनी रजई फाडून आत कप्पे शिवले. डावीकडं कॅमेरा, मधे फ्लॅश, उजवीकडं ओळीनं रोलच्या सहा डब्या. न बघता हात घातला की हवी ती वस्तू हाताला लागली पाहिजे, हा त्यांचा कायदा. पाच डब्यांत रोल. सहावीला चिकटपट्टी, तिच्यात छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळ्या. खिशात त्या घामानं विरघळायच्या. गोळ्या ते घरून आणायचे, बॅग भरायचं काम माझं.

त्या खेपेला मला एक रंगीत रोल न्यायचा होता. भेगाळलेलं तळं, पिवळं पडलेलं आभाळ... मुंबईच्या एखाद्या साप्ताहिकात माझ्या नावानं छापून यावं. रशीदभाई नको म्हणाले. "पाच बास, अप्पा. रोल जास्त असला की माणूस बघायचं सोडतो." खिशात ठेवला तर उन्हानं रंग बिघडणार, सातवी डबी त्यांच्या हाताला लगेच कळणार. मी सहावीतल्या गोळ्या कागदात बांधून स्टुडिओच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि तिच्यात रोल घातला. एका दिवसानं काय होतंय... असं वाटलं.

शिरूर अनंतपाळच्या बाजूला तलावाचं काम चालू होतं. टँकर आला नव्हता. बायका रिकाम्या घागरींपाशी बसलेल्या. "वारा कसा पडून गेलाय बघ," रशीदभाई म्हणाले आणि मुरमाच्या ढिगावर टेकले. न बघता त्यांनी बॅगेत हात घातला. चिकटपट्टी चाचपली. झाकण उघडलं.

त्यांनी रोलकडं बघितलं, मग माझ्याकडं. झाकण पुन्हा घट्ट दाबून डबी माझ्या हातात दिली.

"सावलीत ठेव. बिघडंल."

जीप मिळेपर्यंत सगळं संपलं होतं.

परवा भाभी म्हणाल्या, "नगा जाऊ म्हणून मी सकाळीच भांडले. डोकं फिरवलं त्यांचं, म्हणून विसरले. माझ्यामुळंच, अप्पा." तेव्हा मात्र मला बसवेना. सगळं सांगितलं. रोलचं, ड्रॉवरचं, त्यांच्या शेवटच्या बोलण्याचंही.

त्या रडल्या नाहीत. त्यांनी पदर सावरला.

"म्हंजे विसरले न्हाईत ते."

"न्हाई भाभी."

"मला एकटीला सांगून काय उपयोग? गावभर ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्या समद्यास्नी सांग. तवर या दारात येऊ नको."

कुणाकुणाला सांगितलं ते आता मलाही आठवत नाही. म्हणून इथं लिहितो. रशीदभाई काहीही विसरले नव्हते.