अतारांकित

"पाहुणा झोपला पाहिजे, ताई."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी ते कानावर पडायचं, आत जायचं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मात्र फजिती झाली होती. आमच्या हॉटेलवाल्यांच्या संघटनेचं शिष्टमंडळ मुंबईला एका मंत्र्यांना भेटायला गेलं होतं. सगळे पुरुष, बाई मी एकटी. आमचे सचिव उठून उभे राहिले, शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलं आणि म्हणाले, "साहेब, आमच्याकडं पाहुणा येतो, पण झोपत नाय."

मंत्र्यांनी त्यांच्या पीएकडं पाहिलं. पीएनं माझ्याकडं पाहिलं. मी समोरच्या बिस्किटांकडं पाहत राहिले.

"म्हंजी मुक्काम करत नाय," सचिवांनी खुलासा केला. "सकाळी येतो, वेरूळ बघतो, दौलताबाद बघतो, न् संध्याकाळी गाडी फिरवून निघून जातो. साहेब, झोपलेला पाहुणा दोनदा जेवतो, रिक्षात बसतो, हिमरू शाल घेतो. जागा पाहुणा नुसतं बाथरूम वापरून जातो."

मंत्री खदखदून हसले. "आम्ही सकारात्मक आहोत," म्हणाले, आणि पुढच्या शिष्टमंडळाला आत बोलावलं.

असा माणूस तुम्हीही पाहिलेला असणार. कुठल्याही सरकारी कचेरीबाहेरच्या बाकावर तो बसलेला असतो. मांडीवर पिशवी, पिशवीत निवेदनाच्या प्रती, आणि चेहऱ्यावर आत्ता आपलं नाव पुकारतील अशी खात्री. आमच्यात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे सचिवच म्हणत. त्यांची बायकोसुद्धा फोनवर सांगायची, "सचिव अंघोळीला गेलेत, थांबा."

मूळचे ते गंगापूरकडचे. घरची शेती. भावांत वाटण्या झाल्या तेव्हा यांनी आपला तुकडा विकला आणि पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला हॉटेल बांधलं. खाली जेवणाचा हॉल, वर थोड्या खोल्या. खोल्या साध्या, पण चादरी अशा पांढऱ्या की बसायला संकोच वाटावा. स्वतः मात्र ते गल्ल्यामागच्या खाटेवर झोपायचे. एकदा वहिनींनीच माझ्यासमोर त्यांना टोकलं होतं, "इतक्या खोल्या रिकाम्या पडल्यात, एक दिवस वर जाऊन पाठ टेकवा की."

"न् नेमका पाहुणा आला म्हंजी?"

"एक खोली अडली तर बाकीच्या हायेत की रिकाम्या."

"त्याला तीच पसंत पडली म्हंजी?" वहिनींनी कपाळावर हात मारला.

मी या सगळ्यात कशी आले ते सांगते. माझा नवरा गेला आणि स्टेशनजवळचं आमचं लॉज माझ्या गळ्यात पडलं. त्या काळात मला काहीच वाटत नसे. लोक भेटायला यायचे, रडायचे, मी त्यांना चहा द्यायची. सचिव आले ते रडले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "ताई, मंगळवारी जिल्हाधिकाऱ्यांकडं बैठक हाय. तुम्ही यायचं."

"मला त्यातलं काही कळत नाही हो."

"कळायचं काय त्यात? नुसतं बसायचं. बाई बसली की साहेब आवाज चढवत नाय."

मी गेले. बसले. साहेबांनी आवाज चढवला नाही. तेव्हापासून प्रत्येक शिष्टमंडळात मी बसत आले. बाकीच्यांना वाटायचं ताई फार गंभीर आहेत. गंभीर कुठली, मी नुसती बसलेली असायची. हे एकट्या सचिवांना ठाऊक होतं. त्यांनी ते कधी काढलं नाही, याबद्दल मला त्यांची फार माया वाटायची. आता सांगून टाकते.

आमचं मागणं एकच होतं. हॉटेलला उद्योगाचा दर्जा द्या. कारखान्याला वीज एका दरानं मिळते, आम्हाला त्याहून चढ्या दरानं. मालमत्ता कराचंही तेच. मोठ्या हॉटेलांना ते झेपत होतं. सचिवांचं हॉटेल त्या एका बिलावर लोंबकळत होतं. त्यांनी मला स्पष्टच सांगितलं होतं, "दर्जा मिळाला तर हॉटेल ऱ्हातं, ताई. नाय मिळाला तर मला कुलूप घालावं लागतंय." हे त्यांनी बैठकीत कधी बोलून दाखवलं नाही. तिथं ते कायम जिल्ह्याबद्दल, पर्यटनाबद्दल, रोजगाराबद्दल बोलायचे. स्वतःचं बोललो की विषय बारका होतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि चपला. कुठल्याही साहेबाच्या केबिनमध्ये शिरण्याआधी ते दाराबाहेर चपला काढायचे. दोन्ही टाचा जुळवून, भिंतीला लावून. साधा अधिकारी असो की मंत्री असो. आमचे अध्यक्ष सुटाबुटातले, त्यांना हे फार लागायचं.

"अहो, देऊळ आहे का ते? शोभतं का आपल्याला?"

"साहेबाच्या फरशीवर चालायला मला काय हरकत नाय," सचिव म्हणायचे, "पण चपला बाहेर असल्या की एक बरं असतं. आत बसलेल्याला कळतं, हा माणूस घाईत नाय."

मुंबईला त्या मंत्र्यांच्या दालनाबाहेर त्यांच्या चपला गेल्या. झाडणाऱ्यानं उचलल्या की कुणी घालून नेल्या, देव जाणे. आम्ही इकडंतिकडं शोधलं. शिपाई म्हणाला, "इथं चप्पल काढतं का कोणी?" सचिव तसेच अनवाणी खाली आले, अनवाणी परतीच्या गाडीत चढले. मी म्हटलं, "नवीन घेऊ की स्टेशनसमोर." तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. विषय मांडून झाला ना? चपलांचं काय घेऊन बसलात." पहाटे संभाजीनगरला उतरल्यावर मात्र खडी पायाला टोचली तशी एक कचकचीत शिवी हासडली. कुणाला, ते सांगितलं नाही.

वर्षं अशी गेली. साहेब बदलायचे. नवा साहेब आला की सचिव पुष्पगुच्छ घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, "साहेब, आमच्याकडं पाहुणा येतो, पण झोपत नाय." नवा साहेब हसायचा, सकारात्मक असायचा, आणि त्याची बदली व्हायची. मला प्रत्येक कचेरीतला चहा एकसारखा लागायचा. सचिवांना मात्र दर वेळी वाटायचं, या साहेबाचा चेहरा वेगळा आहे, हा करणार.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. आवाज इतका चढलेला की मला वाटलं काही वाईट झालं. "ताई, तारांकित झालं! आपलं तारांकित झालं!"

झालं होतं असं. इकडच्या एका आमदारांच्या मागं सचिव हात धुऊन लागले होते. त्यांनी हॉटेलांच्या दर्जाचा प्रश्न विधानसभेत टाकला आणि तो तारांकित म्हणून स्वीकारला गेला. अतारांकित प्रश्नाला नुसतं लेखी उत्तर मिळतं. तारांकिताला मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडानं बोलावं लागतं. सचिवांना हेच हवं होतं. कुणीतरी उभं राहून आपल्याबद्दल बोलावं.

पण फोनवरचं हे ओरडणं त्यांच्या स्वयंपाक्यानंही ऐकलं. त्याला तारांकित म्हणजे एकच ठाऊक. त्याला वाटलं, आपल्या हॉटेलला तारा मिळाला! त्यानं वेटरांना सांगितलं, वेटरांनी शेजारच्या पंक्चरवाल्याला सांगितलं, आणि संध्याकाळी मी अभिनंदनाला गेले तर हॉटेलच्या पाटीवर दिवाळीतली चांदणी लटकत होती. लाल कागदाची, आत बल्ब. खाली पंक्चरवाला जिलबी खात उभा. स्वयंपाकी कडक इस्त्रीच्या शर्टात.

"काढायला सांगा की त्यांना," मी म्हटलं.

"कसं सांगू?" सचिव हळू आवाजात म्हणाले. "त्यानं गावाकडं आईला फोन केलाय." आणि चांदणीकडं बघत स्वतःशीच हसायला लागले. "व्हय, पण दिसतीय लई भारी." चांदणी तशीच राहिली.

मंत्री सभागृहात उभे राहिले, बोलले, सकारात्मक होते. आणि खरंच, पुष्कळ दिवसांनी आदेश निघाला. हॉटेलांना उद्योगाचा दर्जा मिळाला. इथल्या अधिकाऱ्यांनी आम्हाला समजावून सांगायला बोलावलं. त्या दिवशी अध्यक्षांनी सचिवांना मिठी मारली, दाराबाहेर, त्यांच्या चपलांशेजारी. मलासुद्धा काहीतरी वाटलं.

अधिकारी तरुण होता, सभ्य होता. आदेश वाचत वाचत एका ओळीपाशी थांबला. म्हणाला, "अर्थात ही सवलत तारांकित हॉटेलांपुरती आहे."

मोठी हॉटेलवाली मंडळी मान खाली घालून बसली. त्यांच्याकडं तारे होते. तारा मिळवायला लिफ्ट लागते, खोल्या मोठ्या लागतात, अमुक लागतं, तमुक लागतं. सचिव उभे राहिले. गळ्याचं बटण लावलेलंच होतं, तरी पुन्हा चाचपलं.

"साहेब, आमचा तर तारांकितच होता."

"काय तारांकित होतं?"

"प्रश्न."

अधिकाऱ्याला हसू आलं. त्यानं ते आवरायचा प्रयत्न केला, पण आलंच. "प्रश्न तारांकित होता हो काका. हॉटेल नव्हतं."

सगळे हसले. सचिवही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाले, "बरोबर हाय साहेब, बरोबर हाय." आणि खाली बसले. पाठोपाठ चहा आला. मी त्यांच्याकडं पाहिलं तर ते बशीत चहा ओतत होते. बैठकीत ते कधी बशीत चहा पीत नसत.

बाहेर आल्यावर मोठ्या हॉटेलवाल्यांचा एकेक हात त्यांनी हातात घेतला, "अभिनंदन, अभिनंदन" म्हणाले. मला सचिवांचा राग आला. चांगला सणकून आला. किती तरी दिवसांनी मला राग आला होता. मी म्हटलं, "अहो, अभिनंदन कसलं करताय? तुमच्या हाती काय आलं?"

"निम्मं तर झालं, ताई. त्यांचं तरी झालं ना?" मग चपला पायात सरकवत म्हणाले, "मी लिफ्ट कुठून आणू? माझा पाहुणा एक जिना चढून दमत नाय." तेवढंच बोलले.

पुढं दोन-तीन बैठकांना ते आले. लहान हॉटेलांनाही सामावून घ्या, अशी नवी विनंती मांडली. नवा साहेब सकारात्मक होता. मग एक दिवस संघटनेच्या सभेत त्यांनीच विषय वाचून दाखवला, की नियमाप्रमाणं ज्याचं हॉटेल चालू तोच सभासद, सबब सचिवपद रिकामं होत आहे. इतर विषय वाचावेत त्याच आवाजात वाचला. अध्यक्ष म्हणाले, नियम बदलू. सचिव म्हणाले, "नको. नियम मीच लिवलाय."

नंतर मला त्यांचा फोन आला, "ताई, गाद्या चांगल्या हायेत. तुमच्या लॉजला घेऊन जा. परक्याच्या हाती नको." त्यांचं ठरलं होतं. दोघं मुलीकडं नाशिकला जाणार होते. हॉटेल एका क्लासवाल्यानं घेतलं होतं, तो तिथं मुलांचं वसतिगृह काढणार होता.

मी दुपारी टेम्पो घेऊन गेले. पाटी उतरवलेली, चांदणी कुठं दिसली नाही. हॉल रिकामा. वहिनी वर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर स्टीलचे पेले फडक्यानं पुसत बसल्या होत्या. खोल्यांची दारं सताड उघडी, गाद्या गुंडाळून दारात ठेवलेल्या. एकच दार लोटलेलं होतं, टोकाच्या खोलीचं. त्या खिडकीतून किल्ला दिसतो, म्हणून पाहुणे ती मागून घ्यायचे. त्या दाराबाहेर चपला होत्या. टाचा जुळवून, भिंतीला लावून.

"सचिव कुठं आहेत?" मी विचारलं.

वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू, ताई. पाहुणा झोपलाय."

मी दाराच्या फटीतून पाहिलं. पांढऱ्या चादरीवर, पलंगाच्या अगदी कडेला, ते कुशीवर झोपले होते. बाकीच्या चादरीला सुरकुती पडू नये अशा बेतानं. बारीक घोरत होते. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. नवऱ्याच्या वेळीही आलं नव्हतं. पण दारावरचा हात मला काढता येईना.

खाली टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. वहिनी पेले टाकून जिना उतरत धावल्या, "अरे वाजवू नको बाबा, वर पाहुणा हाय!"

त्यांच्या अंगाखालची गादी सोडून बाकीच्या आम्ही आवाज न करता खाली नेल्या.